‘सहा महिन्यांत म्हाडा बिल्डिंग घेऊन जाईल’: आत्याच्या सहीआधी काही उत्तरं

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रोडच्या आतल्या गल्लीत, चोवीस घरांच्या तीन मजली सोसायटीत ती लग्न झाल्यापासून राहते. एवढ्या उशिरा ती कधीच फोन करत नाही. आवाज घाबराघुबरा. म्हणाली, “अगं, उद्या सकाळी सेक्रेटरी पुनर्विकासाच्या संमतीचा फॉर्म घेऊन येणार आहेत. मी सही देऊन टाकते. नाहीतर म्हाडा बिल्डिंग ताब्यात घेईल आणि माझ्या हाती काहीच राहणार नाही.” हे कोणी सांगितलं, असं विचारल्यावर तिने व्हॉट्सअॅपवरचा मेसेज पुढे पाठवला. हाच मेसेज माझ्याकडे आधी दोनदा येऊन गेला होता, एकदा शाळेच्या ग्रुपवर आणि एकदा बोरिवलीच्या चुलत बहिणीकडून. दोन्ही वेळा मी न वाचता सोडून दिला. आता तसं करून चालणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ‘७९-अ’ कायद्यानुसार सहा महिन्यांत सह्या झाल्या नाहीत तर म्हाडा, म्हणजे राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण, इमारत ताब्यात घेते. ५१ टक्के सह्या झाल्या की उरलेल्यांना कसलेच हक्क राहत नाहीत, म्हणून करारांची वाट न बघता घर रिकामं करून द्यावं. करार नोंदवायला लाखो रुपये लागतात आणि आता रेरा (घर खरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) असल्यामुळे त्याची गरजही नाही. टॉवर वाढले की घरं स्वस्त होतील आणि मराठी माणूस मुंबईत टिकेल. प्रत्येक घराला पार्किंग मिळाल्यामुळे रस्ते मोकळे होतील. मेंटेनन्स कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डरकडून मिळणाऱ्या एकरकमी निधीच्या, व्याजातून कायमचा निघेल. आणि जो प्रश्न विचारतो तो सोसायटीचा शत्रू.

पहिला मुद्दा धादांत खोटा आहे आणि आत्याची झोप त्यानेच उडवली, म्हणून आधी तोच घेते. महाराष्ट्रात ‘७९-अ’ या आकड्याची दोन वेगळी कलमं आहेत, एक म्हाडा कायद्यातलं आणि दुसरं सहकारी संस्था कायद्यातलं. म्हाडा कायद्यातलं कलम उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर हा जादा कर भरणाऱ्या) इमारतींसाठी आहे. म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर भागातल्या जुन्या, बऱ्याचशा पागडीच्या इमारती. तशी इमारत धोकादायक ठरली तर मालकाला प्रस्ताव आणायला सहा महिने मिळतात. त्याने काही केलं नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला आणखी सहा महिने मिळतात. त्यांच्याकडूनही काही झालं नाही, तरच म्हाडा संपादनाकडे वळते. या कलमाखाली निघालेल्या नऊशेहून जास्त नोटिसांवर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्थगितीही दिली. पार्लं उपनगरात येतं. इथे उपकरच नाही, त्यामुळे उपकरप्राप्त इमारतही नाही. आत्याची सोसायटी नोंदलेली आहे आणि शेअर सर्टिफिकेट तिच्या कपाटात आहे. तिला ते कलम लागूच होत नाही. पार्ल्यातल्या, मुलुंडमधल्या, बोरिवलीतल्या कुठल्याच सोसायटीला लागू होत नाही.

ही गफलत चुकून झाली असेल यावर माझा विश्वास बसत नाही. लिहिणाऱ्याला कलमाचा आकडा माहीत आहे, ५१ टक्के माहीत आहेत, सहा महिने माहीत आहेत. सभासदाच्या बाजूने जे जे आहे, नेमकं तेवढंच गाळलेलं आहे.

ते गाळलेलं सगळं दुसऱ्या ७९-अ मध्ये आहे. सहकार कायद्याच्या या कलमाखाली राज्य सरकारने ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाचा शासन निर्णय काढला. मराठीत आहे, थोडीच पानं आहेत, कुणालाही वाचता येतो. माझं म्हणणं एवढंच, की मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने आधी तो वाचावा. पुनर्विकासाचा विचार करायला एक पंचमांश सभासद लेखी मागणी करून विशेष सर्वसाधारण सभा बोलावू शकतात. सभेला दोन तृतीयांश गणसंख्या लागते, म्हणजे आत्याच्या सोसायटीत चोवीसपैकी सोळा माणसं प्रत्यक्ष हजर हवीत. विकासक निवडायच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकाचा (रजिस्ट्रारचा) प्रतिनिधी लागतो आणि सभेचं चित्रीकरण करावं लागतं. कमिटीतल्या कुणाचाही नातेवाईक विकासक असू शकत नाही. विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यायची असते. त्याला मिळालेले हक्क त्याने दुसऱ्याला द्यायचे नसतात. आणि सगळ्या कायदेशीर मंजुऱ्या हातात आल्यावरच सभासदांनी घरं रिकामी करायची असतात.

आता आत्याच्या हातातला फॉर्म बघा. तिने फोटो पाठवला. वर ‘संमतीपत्र’, खाली तिचं नाव आणि फ्लॅट नंबर टाइप केलेला. विकासकाच्या नावाची जागा रिकामी. ‘नवीन कारपेट क्षेत्रफळ’ याच्यापुढे रिकामी रेघ. नवं घर होईपर्यंत विकासकाने द्यायच्या भाड्याची रक्कमही रिकामी. घरोघरी फिरून गोळा केलेल्या असल्या कागदाने त्या सभेची जागा भरून निघत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एकट्या बाईकडे रात्री भीतीचा मेसेज पोचतो आणि सकाळी कोरा फॉर्म पोचतो, याची मला चीड येते.

५१ टक्क्यांबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करते. एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती पुरते, म्हणजे चोवीसात तेरा. रीतसर ठराव झाल्यावर एक-दोघांना अडून बसता येत नाही. उच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे आणि अडून बसलेल्यांना घर रिकामं करायला लावलं आहे. या शासन निर्णयातल्या सूचना बंधनकारक नसून मार्गदर्शक आहेत, असंही न्यायालयाने म्हटलेलं आहे आणि बिल्डरचे वकील तो मुद्दा पहिल्या मिनिटाला पुढे करतात. म्हणूनच गॅरंटी, मुदत, भाडं, क्षेत्रफळ हे सगळं करारात उतरवून करार नोंदवून घ्यायचा. ५१ टक्क्यांनी निर्णय होतो, पण तेराव्या सहीने चौदाव्या माणसाचं घर आणि भाडं बुडत नाही. ते सगळ्या चोवीसांना सारखंच मिळायला हवं.

‘करार नंतर करा, नोंदणीला लाखो रुपये लागतात’ हे वाक्य मेसेजमधलं सगळ्यात घातक आहे. डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटवर (सोसायटी आणि विकासक यांच्यातल्या मूळ करारावर) मुद्रांक शुल्क भरलेलं असेल तर प्रत्येक सभासदाच्या पर्यायी घराच्या करारावर पुन्हा तसंच शुल्क मागता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला आहे. सभासदाने हक्कापेक्षा जास्त जागा विकत घेतली तर त्या वाढीव जागेपुरता प्रश्न वेगळा. लाखोंची भीती घालून कुणी नोंदणी टाळायला सांगत असेल, तर ती न टाळण्यासाठी तेवढं एक कारण पुरेसं आहे. रेराचंही तेच. महारेराची, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी विक्रीला काढलेल्या घरांची असते. जुन्या सभासदांना द्यायची घरं विक्रीची नसल्याने तो भाग नोंदणीतून वगळलेला असतो. बाहेरून फ्लॅट विकत घेणाऱ्याला रेराचा जो आधार आहे, तो आत्याने आपल्याला आहे असं धरून चालू नये.

करार पक्का नसला, त्यावर लक्ष नसलं, की काय होतं ते गोरेगावच्या पत्राचाळीने दाखवलं आहे. सिद्धार्थनगरची ६७२ कुटुंबं. सोसायटी, म्हाडा आणि विकासक यांच्यात २००८ मध्ये करार झाला. लोकांनी घरं सोडली. ईडीचं म्हणणं असं, की विकासकाने मूळ रहिवाशांची घरं न बांधताच जमिनीवरचा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येईल तो हक्क) नऊ बिल्डरांना ९०१ कोटींहून जास्त रकमेला विकला. मधेच भाडं बंद झालं. २०१८ मध्ये म्हाडाला प्रकल्प परत हातात घ्यावा लागला, तेव्हा करार होऊन दहा वर्षं लोटली होती आणि ६७२ पैकी एकाही कुटुंबाला घर मिळालं नव्हतं. भाड्याच्या खोल्या बदलता बदलता कितीतरी म्हातारी माणसं गेली. तिथे तर म्हाडा स्वतः करारात होती. आत्याच्या करारात असं कोणीही नसणार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. आत्याच्या इमारतीचा पुनर्विकास व्हायलाच हवा. बाल्कनीच्या सळया उघड्या पडल्या आहेत, लिफ्ट नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरून भाजीला खाली उतरायचं म्हणजे आत्या दोनदा विचार करते. नीट झालेली कामंही डोळ्यांसमोर आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पण ती जमीन सरकारी होती आणि बांधणारी संस्था म्हाडा. ते उदाहरण पुढे करून खासगी विकासकाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या मागता येत नाहीत.

‘टॉवर वाढले की घरं स्वस्त होतात.’ हे ज्याने लिहिलं त्याने लोअर परळला उतरून उत्तरेकडे चालत यावं. मुंबईतल्या गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे त्यातला एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि एक तृतीयांश मालकांना, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त न बांधलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. शहराच्या वाट्याचा तुकडा एवढासा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. टॉवर उभे राहिले ते त्यानंतर, ढिगाने. ज्या कामगारांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या, त्यांची मुलं आज डोंबिवली-बदलापूरहून त्याच परळला नोकरीला येतात. टॉवरनी भाव खाली आणायचे असते, तर सगळ्यात आधी तिथे आणले असते. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी सापडली होती. म्हणजे घरांची संख्या वाढणं आणि घर परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीचा फ्लॅट बिल्डर बाजारभावाने विकतो, तो स्वस्त विकायचं त्याला कुठलंच बंधन नाही. चोवीस घरांच्या जागी पन्नास होतील असं सेक्रेटरी म्हणतात. त्यातलं एकही आत्याच्या भाच्याला, बँकेतल्या क्लार्कला, परवडणार नाही.

परळचंच पुढे सांगते, कारण ट्रॅफिकचं उत्तरही तिथेच आहे. गिरण्या जाऊन ऑफिसं आली, माणसं कित्येक पटींनी वाढली, स्टेशनचे पूल मात्र तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. इमारती आधी आणि वाट नंतर, असं झालं की त्याची किंमत अशी मोजावी लागते.

पार्किंगचा हिशेब तर नियमांतच लिहिलेला आहे. ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक जागा, ६० ते ९० चौरस मीटरच्या घराला एक, ९० च्या वर दोन. विक्रीची घरं मोठी बांधली की गाड्या वाढतात, आणि पार्किंगमधली गाडी रोज सकाळी बाहेर त्याच गल्लीत येते. आमच्या भागात ९ मीटर रस्त्यावर मूळ एक एफएसआय प्रीमियम (पैसे भरून घेतलेला) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) धरून दोनपर्यंत जातो, वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे आणखी जादा बांधकाम. हे गणित रस्त्याच्या रुंदीवर बांधलेलं आहे, पण कागदावरच्या रुंदीवर. हनुमान रोडच्या आतल्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात आणि मधून एक रिक्षा जेमतेम जाते. मुंबईत चाळीस लाखांहून जास्त वाहनं आहेत आणि रस्ते सुमारे दोन हजार किलोमीटर. मेसेजमध्ये कोस्टल रोडचा फोटो लावला आहे. त्या रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, आणि तो पार्ल्यापर्यंत येतही नाही. त्या फोटोशेजारचा बावीस मजली टॉवरचा फोटोही पार्ल्याला लागू नाही, विमानतळ लागून असल्यामुळे इथे उंचीवर मर्यादा आहे.

कॉर्पसचं दोन ओळींत. दहा लाख मिळाले आणि सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला पाच हजार आठशे रुपये होतात. लिफ्ट, पंप, जनरेटर, वॉचमन यांचा खर्च दरवर्षी वाढेल, व्याज तेवढंच राहील. शिवाय ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आत्याचं घर आज ४४० फूट आहे. नवीन घर ५०० च्या वर गेलं की तिला कर सुरू होईल. हे तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सेक्रेटरी आले तेव्हा आत्याने सही दिली नाही. तिने वहीच्या कागदावर चार प्रश्न लिहून दिले आणि पोच घेतली: विकासक कोण, माझं कारपेट किती, बँक गॅरंटी किती रकमेची, आणि निबंधकाच्या प्रतिनिधीसमोरची सभा कधी. सभेत सांगतो, असं म्हणून ते गेले. आता तारीख पडली आहे, पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार. मी आत्याला सोडायला जाणार आहे. सभेत फक्त सभासदांना बसता येतं, हेही त्याच शासन निर्णयात आहे, त्यामुळे मी खाली जिन्याजवळ थांबेन. छापून घेतलेला निर्णय तिच्या पिशवीत असेल.