बांधाला पडलेली खांड कोणत्या खात्याची?

आज दुपारी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर कोणीतरी एक चित्रफीत टाकली. राज्य शासनाच्या खात्यांची फेररचना करण्याचा जो आराखडा आमदारांपुढे आहे, त्यावर एक सन्माननीय सदस्य बोलत होते. कोणती खाती एकत्र करावीत, कोणती वेगळी काढावीत, किती सचिव कमी होतील, कोणत्या पदाचा दर्जा काय राहील, यावर ते मोठ्या तळमळीने बोलले. मी ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, कारण केव्हातरी किनारपट्टीचा उल्लेख येईल अशी आशा होती. तो आला नाही. खाली आमच्याच गावच्या, मुंबईत स्थायिक झालेल्या एका गृहस्थांनी ‘उत्तम, खर्च वाचेल’ असे लिहून अंगठा दाखवला, तेव्हा मात्र राहवले नाही. हे लिहिणे लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावे.

मी अलिबाग-पेणच्या खारेपाटातली. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या अमावास्येच्या उधाणात आमच्या गावच्या खारबंधाऱ्याला खांड पडली, म्हणजे बांध एका जागी फुटला. ज्यांना खारेपाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते की आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. मातीचा बांध खाडीला अडवतो. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराची, झापे ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडतात आणि भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. बांध एका जागी खचला की भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि प्रत्येक फेरीला खांड रुंदावत जाते. पूर्वी गाव जमायचे, दोन भरत्यांच्या मधल्या ओहोटीत चिखल, पेंढा आणि फांद्या टाकून खांड बांधून काढायचे. आता तेवढी माणसे गावात उरलेली नाहीत, आणि सरकारी बांधाला आपण हात लावायचा की नाही, हे कोणी सांगत नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, गट क्रमांकासह, गावातील शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन. मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेले. एका कार्यालयात पहिला प्रश्न आला, बांध शासकीय योजनेतला की खाजगी? दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले की खांडीच्या तोंडाशी तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, आहेत, तेव्हा परवानगी आधी, काम नंतर. तिथून पुढे पाठवले तेथे साहेब दौऱ्यावर होते, आणि त्यांच्या खालच्या साहेबांकडे दोन तालुक्यांचा कार्यभार होता. एका ठिकाणी तर पीक बुडाले असेल तर पंचनामा होईल, बांधाचे आम्हाला काही सांगू नका, असे उत्तर मिळाले. प्रत्येकाने अर्ज घेतला, आवक शिक्का मारला, पोच दिली. काही दिवसांनी प्रत्येकाकडून जवळजवळ एकाच मजकुराचे पत्र आले की आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आला आहे. संबंधित कार्यालय कोणते, ते मला आजतागायत उमगलेले नाही.

कोणी म्हणेल, ही कर्मचाऱ्यांची अनास्था. काही अंशी असेलही. परंतु मुळात विषयांची मांडणीच अशी आहे की प्रामाणिक माणसालाही दुसऱ्याकडे बोट दाखवावे लागते. खारबंधारा आणि उघाडी ही जलसंपदा विभागाच्या खारभूमी यंत्रणेची बाब, ज्यासाठी १९७९ चा खारजमीन विकास अधिनियम आहे. बांधालगतचे कांदळवन वन विभागाचे, ज्यासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढण्यात आला. बांधाच्या आतली जमीन महसुलाची, त्या जमिनीतले भात कृषी विभागाचे, शेजारच्या तळ्यातला जिताडा मासा मत्स्यव्यवसायाचा. भरतीरेषेजवळ काय बांधायचे आणि काय नाही हे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांप्रमाणे पर्यावरण विभागाचे. आणि खाडीतून ये-जा करणाऱ्या ज्या बार्जची लाट आमच्या बांधाला लागते, त्यांचा जलमार्ग १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाचा. बंदरे तर मंत्रालयात वर्षानुवर्षे गृह विभागाच्या छत्राखाली राहिली, म्हणजे ज्या विभागात पोलीस आणि तुरुंग त्याच विभागात धक्के आणि तरीच्या होड्या. (यात काही तर्क असल्यास मला जरूर समजावून सांगावा.) एकत्र घराच्या वाटण्या होताना विहिरीचे पाणी सगळ्यांचे ठरते आणि विहिरीतला गाळ कोणाचाच राहत नाही, तसे आमच्या खाडीचे झाले आहे.

आता मूळ मुद्दा. जुळवाजुळव वर मंत्रालयात करून काय साधणार? महसूल व वन हे मंत्रालयाच्या पाटीवर एकत्रच आहेत, तरीही महसूलमंत्री वेगळे, वनमंत्री वेगळे, सचिव वेगळे, आणि खाली तालुक्यात दोघांच्या नकाशांतील हद्दी एकमेकींशी जुळता जुळत नाहीत. मासे तर कित्येक वर्षे कृषी, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय यांच्या शेपटाला एकाच विभागात बांधलेले होते. त्यामुळे मासेमारांचे आणि शेतकऱ्यांचे कोणते भले झाले, ते खारेपाटात येऊन कोणीतरी दाखवावे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने, जे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे, खारट जमिनीत तगणारे भाताचे वाण काढून दिले. पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ ही नावे आमच्याकडे घरोघर माहीत आहेत. पण क्षार सोसणारे भात म्हणजे रोजची भरती सोसणारे भात नव्हे. वाण एका विभागाकडून मिळते, बांध दुसऱ्या विभागाकडून फुटका राहतो, आणि दोन्ही विभागांचे वार्षिक अहवाल उत्तम असतात.

फेररचनेने काहीच होत नाही, असे म्हणता येत नाही, हे कबूल करते. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर झाला, आणि सावंतवाडीच्या किंवा जव्हारच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण निदान जवळ आले. ठीक आहे. पण तिथे कार्यालय माणसाजवळ आले होते. आत्ताच्या चर्चेत कार्यालय माणसाजवळ येण्याचा शब्दही मी ऐकला नाही. जे काही हलायचे ते मजल्या-मजल्यांवर हलणार आहे.

आणखी एक गोष्ट, जी त्या भाषणात कोणी सांगितली नाही. खाती कोणती असावीत आणि कोणता विषय कोणाकडे असावा, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ खालील कार्यनियमावलीने ठरते. त्यासाठी शासनाला दर वेळी सभागृहाची संमती लागतेच असे नाही. २०१७ मध्ये मृद व जलसंधारण आणि २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हे स्वतंत्र विभाग झाले, ते शासनाच्या निर्णयाने. म्हणूनच आमदारांपुढे हा विषय चर्चेला आला, ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करते. मग ही संधी वाया का घालवता? रायगडचे ७, रत्नागिरीचे ५ आणि सिंधुदुर्गाचे ३, असे आपले १५ आमदार २८८ च्या सभागृहात आहेत. त्यांनी पक्ष बाजूला ठेवून एकत्र उभे राहून खाडीविषयी चार वाक्ये बोलायला काय हरकत होती? मंत्रिमंडळाची संख्या तर २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आधीच बांधून टाकलेली आहे, सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे आपल्याकडे जास्तीत जास्त ४३. मंत्री वाढणार नाहीत. मग खाते कोणाच्या वाट्याला जाणार याचीच चिंता सगळ्यांना का, आणि ते खाते करणार काय याची कोणालाच का नाही?

लिहिता लिहिता राग चढला, म्हणून उठून चहा करून आले.

आप्पांच्या अर्जाकडे परत येते, कारण त्याचे पुढे जे झाले ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे कळणार नाही. खांड त्या पावसाळ्यात बांधली गेली नाही, पुढच्या उन्हाळ्यातही नाही. खारे पाणी आत खेळत राहिले आणि त्या पाण्याबरोबर तिवरांचे बी आले. ज्या खाचरांत माझी आजी लावणी करायची, तिथे आधी कोवळी रोपे दिसू लागली, आणि बघता बघता तिवरे गुडघ्याच्या वर गेली. सात-बारा आमच्या नावावर, पीकपाहणीत पड, आणि प्रत्यक्षात कांदळवन. आता बांध दुरुस्त करायचा तर तिवरांना धक्का लागणार, आणि तिवरांना हात लावायचा तर उच्च न्यायालयाचे २००५ चे आणि २०१८ चे आदेश आड येतात. ते आदेश योग्यच आहेत. मुंबई-नवी मुंबईत भराव टाकणाऱ्यांनी खाड्यांचे जे केले ते पाहता, तसे आदेश नसते तर एक तिवर शिल्लक राहिले नसते. पण बिल्डरने मारलेले कांदळवन आणि शासनाच्या विलंबातून शेतात उगवलेले कांदळवन यांत फरक करणारा माणूस यंत्रणेत एकही नाही, कारण विलंब एका खात्याने केला आणि झाडे दुसऱ्या खात्याची झाली. आधी उशीर केला म्हणून तिवरे आली, आणि आता तिवरे आली म्हणून उशीर होणार. हे चक्र आमच्या एकट्याच्या गावात आहे असे समजू नका.

त्या सगळ्या फेऱ्यांत एक गृहस्थ मात्र भेटले होते, त्यांच्याविषयी न लिहिणे अन्याय होईल. निवृत्तीला आलेले लिपिक, समोर फायलींचा ढीग, पंखा बंद. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, तुमचा अर्ज चांगला आहे. पण हे काम माझ्या टेबलावर अर्धे आहे आणि उरलेले अर्धे कोणाच्या टेबलावर आहे ते मला स्वतःला ठाऊक नाही. मी पुढे पाठवतो." त्यांच्या कार्यालयात जागा रिकाम्या होत्या, गाडीला डिझेल नव्हते, आणि बांधावर जाऊन खांड पाहण्यासाठी त्यांना कोणी पाठवलेही नसते. मी त्यांच्यावर चिडू शकले नाही. आप्पा तर बाहेर येऊन म्हणाले, "निदान खरं बोलला." ज्या खारेपाटाने १९३३ पासून चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपात वर्षानुवर्षे शेते ओसाड ठेवली पण खोतांपुढे मान वाकवली नाही, त्या खारेपाटातला माणूस आज एका खऱ्या वाक्यावर समाधानी होऊन एसटीत बसतो, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून ‘खर्च वाचेल’ लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना विचारायचे आहे. कोणाचा खर्च? सचिवांच्या दोन खुर्च्या कमी झाल्या तर तो हिशेब वर्तमानपत्रात येईल. आप्पांचे एसटीचे भाडे, झेरॉक्स, माझ्या बुडालेल्या रजा, गावाचे बुडालेले भात आणि नापीक झालेली जमीन, हे कोणत्या अर्थसंकल्पात दिसते? अनुदानाच्या मागण्या विभागवार मंजूर होतात. ज्या विभागाचा पैसा खर्च झाला नाही त्याची बचत दिसते, आणि त्याच बांधामुळे दुसऱ्या विभागाला नुकसानभरपाई वाटावी लागली, तर ती नैसर्गिक आपत्ती ठरते. तुम्ही गणपतीला येता, तेव्हा एक दिवस बांधावर चला. दाखवते.

माझी मागणी अगदी साधी आहे. खाती जोडा, तोडा, नावे काय हवी ती द्या. पण भरतीरेषेपासून खाजणापर्यंत जे जे येते, म्हणजे बांध, उघाडी, कांदळवन, धक्का, खाडीतली मासेमारी आणि किनाऱ्याची धूप, या सर्वांसाठी प्रत्येक किनारी तालुक्यात एकच कार्यालय हवे. तिथे बसणाऱ्या अधिकाऱ्याला खांड पडल्यापासून पुढच्या उधाणाच्या आत तातडीचे काम करून घेण्याचा अधिकार हवा, आणि त्यासाठीचा पैसा त्याच्याच हाती हवा. परवानग्यांची पत्रे त्याने इतरांकडे पाठवावीत. शेतकऱ्याने ती घेऊन फिरू नये. बस, इतकेच.

यावर पर्यावरणाची कळकळ असलेले माझे मित्र म्हणतील की बांधणारा आणि राखणारा एकाच छत्राखाली आले तर राखणारा हरतो, आणि पहिला बळी तिवरांचा जाईल. ही भीती खरी आहे, नाकारत नाही. म्हणून कांदळवनाबाबतचा अंतिम शब्द वन विभागाकडेच आणि न्यायालयाकडेच राहू द्या. पण तो शब्द मागायला त्या कार्यालयाने जावे आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे, एवढे तर होऊ शकते ना? तिवरांचा द्वेष आम्हाला कोणी शिकवू नये. बांधाबाहेरची तिवरे लाटेचा जोर मोडतात, हे खारेपाटातल्या पोराला शाळेत जाण्याआधी कळते.

येत्या सोमवारी मी हेच सगळे पत्ररूपाने आमच्या मतदारसंघाच्या आमदारांच्या कार्यालयात देणार आहे, आणि त्यासोबत वेगवेगळ्या गावांतील पत्रांच्या प्रती जोडण्याचा विचार आहे. पेण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, किंवा खाली दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत, ज्यांच्या गावच्या बांधाला खांड पडलेली आहे आणि ज्यांच्याकडे ‘आपला अर्ज वर्ग करण्यात आला आहे’ असे पत्र आहे, त्यांनी त्या पत्राचा फोटो मला शनिवारपर्यंत वैयक्तिक संदेशात पाठवावा. नाव, पत्ता झाकलात तरी चालेल. गावाचे नाव आणि पत्राची तारीख मात्र दिसू द्या.