ब्रेक वाढला तरी पेशी मारते कशी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एनके पेशींवरच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशींवरच्या, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा: 'इंटरल्युकिन-१५ या निरोप्या प्रथिनाने एनके पेशी चेततात म्हणता, आणि दोन परिच्छेद खाली त्यानेच त्यांचा ब्रेक वाढतो म्हणता. एक काहीतरी ठरवा.' ठरवत नाही, कारण दोन्ही खरं आहे. घोळ मात्र माझ्या लिहिण्यात होता, हे कबूल.

केआयआर आणि एनकेजी२ए या एनके पेशीवरच्या दोन ब्रेक-रिसेप्टरांना (बाहेरचा संकेत पकडणाऱ्या प्रथिनांना) मी एकाच दावणीला बांधलं, तिथे चुकलो. दोन्ही रिसेप्टर पेशीला 'थांब' म्हणतात, पण स्वभाव वेगळे. कुठल्या पेशीवर कोणता केआयआर येणार हे त्या जनुकावरच्या मिथाइल खुणांवर (जनुक चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांवर) ठरतं, आणि पेशीचं विभाजन झालं तरी ते बहुतांशी तसंच पुढे जातं. सायटोकाइनच्या, म्हणजे इंटरल्युकिनसारख्या निरोप्या प्रथिनांच्या, थोड्या दिवसांच्या माऱ्याने ते फारसं हलत नाही. एनकेजी२ए हलतो. इंटरल्युकिन-१२, १५ आणि १८ देऊन घडवलेल्या 'स्मृतिसदृश' (आधीचं चेतवणं लक्षात ठेवल्यासारख्या वागणाऱ्या) एनके पेशींवर तो चांगलाच वाढलेला असतो. आणि याच पेशी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मारण्यात तरबेज!

'ब्रेक' या माझ्याच शब्दाने इथे दगा दिला. रिसेप्टर नुसता असून काही करत नाही. समोरच्या पेशीवर एचएलए-ई हा रेणू (एचएलए म्हणजे पेशीची ओळख दाखवणारे रेणू) असेल तरच एनकेजी२ए बोलतो. एचएलए-ईच्या खोबणीत एरवी इतर एचएलए रेणूंचेच तुकडे बसलेले असतात. म्हणजे ती जणू पावतीच: या घरात बाकीचे एचएलए तयार होतायत. असे ओळखीचे रेणू गमावलेल्या ट्यूमर पेशी एनके पेशी साफ करतात, हे कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९८६ साली उंदरांत दाखवलं होतं. पावतीच नसेल तर अंगावर एनकेजी२ए कितीही असो, पेशी अडत नाही. शिवाय त्याच इंटरल्युकिनने तिचा परफोरिन-ग्रँझाइम या पेशी मारणाऱ्या प्रथिनांचा दारूगोळाही वाढलेला असतो.

खरी पंचाईत पुढे आहे. चेतलेली एनके पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन सोडते, आणि त्याने ट्यूमर पेशीवरचं एचएलए-ई वाढतं. आपल्याच हल्ल्याने शत्रूला पावत्या छापून दिल्यासारखं!

टीजीएफ-बीटा या एनके पेशींना दडपणाऱ्या सायटोकाइनची गोष्ट निराळी. तो एनकेजी२डी आणि एनकेपी३० हे चेतवणारे रिसेप्टरच कमी करतो.

'ताटलीतलं यश रुग्णात उतरत नाही' हा तुमचा टोला मात्र मान्य. एनकेजी२ए झाकणारी मोनालिझुमॅब ही अँटीबॉडी डोके-मानेच्या कर्करोगात सेटुक्सिमॅब या दुसऱ्या अँटीबॉडीबरोबर देऊन पाहिली. २०२२मध्ये अंतरिम विश्लेषणात फायद्याची आशा दिसेना, म्हणून तिसऱ्या टप्प्याची ती चाचणी थांबवली. हे मी लेखात लिहायला हवं होतं. पण ते रुग्ण प्लॅटिनमवाली केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी दोन्हींतून गेलेले होते, आणि एनके पेशी चेतवायला सायटोकाइन त्यांना दिलेलं नव्हतं. त्यामुळे 'आधी सायटोकाइनने चेतवा, मग एनकेजी२ए झाका' या जोडीचा निकाल त्या चाचणीतून काढता येत नाही. केआयआरबद्दलचं वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त केलं आहे.