करंगळीचा कारभार

माझा उजवा अंगठा कुणालाच मान्य नाही. फोनला नाही, बँकेला नाही, आधारच्या त्या लाल दिव्याच्या डबीलाही नाही. नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळीत मी तीस वर्षं लाकडी नंदीबैल करतो. पटाशीनं कोरायचं, कानशीनं घासायचं आणि शेवटी पॉलिशपेपरखाली अंगठा दाबून वशिंड गोल करत बसायचं. वशिंड लोण्यासारखं होतं. तीस वर्षांत अंगठाही झाला. त्याच्यावरच्या रेषा कधी पुसल्या गेल्या ते मला कळलंच नव्हतं. भाच्यानं पहिला स्मार्टफोन हातात दिला तेव्हा कळलं. फोन म्हणाला, बोट ठेवा. ठेवलं. म्हणाला, बोट पुसून ठेवा. पँटला पुसलं, मग बायकोच्या पदराला पुसलं, मग लिंबाची फोड चोळून झाली. शेवटी फोनच थरथरला आणि गप्प बसला.

आजोबा माझे अंगठेबहाद्दर. अक्षरशत्रू माणूस, पण सावकाराच्या वहीत त्यांचा अंगठा असा ठसठशीत उठायचा की रेषा मोजून घ्या. आपल्या पोरावर तरी अंगठा उठवायची पाळी येऊ नये म्हणून बाबांनी मला मारून-मुटकून दहावीपर्यंत ढकललं. आता मी खाली दोन टिंबं देऊन झोकदार सही करतो, आणि जिथे जावं तिथे लोक म्हणतात, "सही राहू द्या काका, अंगठा द्या."

बाकीच्या बोटांचीही तीच तऱ्हा. घट्टे एवढे, की काचेवर बोट टेकवलं तरी काचेला पत्ता नसतो. भाच्याचं म्हणणं असं, की त्या काचेला जिवंत कातडीचा स्पर्श लागतो. आमच्या बोटांवर कातडी कमी आणि खूर जास्त. दहा बोटांत एकच शाबूत निघालं, डावी करंगळी. सुतारकामात तिला जन्मभर काही काम नव्हतं, आयतं बसून खाल्लेलं बोट. आता घरातला सगळा कारभार तिच्याकडे आहे. निवृत्त माणसाला सोसायटीचा सेक्रेटरी करतात ना, तसं.

तरी मी फोन घेतलाच नसता. साधा बटणवाला होता, तो भिंतीवर आपटला तरी भिंतीचाच पोपडा निघायचा. पण सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हिवाळ्यात क्राफ्ट मेळा भरतो, तिथे माझी आब गेली. एक बाई आल्या, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, अर्धा तास घासाघीस केली, भाव ठरला, मी बैल कागदात गुंडाळला. आणि त्या म्हणाल्या, "स्कॅनर कुठाय?" मी म्हटलं, नगद द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कवड्या मागितल्या. यूपीआय २०१६ साली आलं म्हणतात. माझ्या दुकानापर्यंत यायला त्याला बोळ सापडली नसावी. बाई शेजारच्या सहारनपूरवाल्याकडे गेल्या, मोबाइल पुढे केला, टुंग वाजलं, आणि नक्षीचा डबा घेऊन निघून गेल्या. कागद काढून बैल पुन्हा उभा केला तेव्हा तोही माझ्याकडे पाहीना.

विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लहान पोट्ट्यांचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. खऱ्या बैलाच्या पायाखाली लेकरं कशाला, त्यांना आपला लाकडी बैल द्यावा. चाकाचा बैल सजवून पोट्टे दारोदार ओढत नेतात आणि लोक त्यांच्या हातावर पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. माझा वर्षाचा धंदा त्या एका दिवसावर. उरलेले महिने मेळे, प्रदर्शनं आणि वाट पाहणं.

तर भाचा म्हणाला, "मामाजी, आता ऑनलाइन टाकू." त्यानं कुठल्याशा खरेदी-विक्रीच्या ठिकाणी जाहिरात टाकली. नंदीबैल विकणे आहे, पांढरी जोडी, अत्यंत देखणी, अठराशे रुपये. फोटो काही चढला नाही. नंतर टाकू, म्हणाला, आणि विसरला. संध्याकाळी फोन.

"बैल हायेत ना तुमच्याकडं?"

"हायेत ना भाऊ. किती पाहिजे?"

"एकच जोडी. पण भाव काऊन एवढा कमी? आजारी त नाही ना?"

"एकाचं पॉलिश जरा फिकं हाये. बाकी काई नाही."

"बरं, किती दाती हाये?"

मला वाटलं, चोखंदळ गिऱ्हाईक आहे. "दात नाही दाखवत भाऊ आपण. तोंड बंद ठेवतो."

"काऊन? मारका हाये का?"

"छे! लहान लेकरं ओढतात त्याले."

"म्हंजे गरीब हाये. रंग पांढराच ना पण?"

"पांढरा हाये. नाही आवडला त तुमच्यासमोर दुसरा मारून देतो."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना.

"वखराले चालते का?"

"वखराचं नाही सांगू शकत, पण चाकं पक्की हायेत. चारही."

"बावा," तो माणूस फार शांतपणे म्हणाला, "तू बैल विकून राह्यला का बंडी?"

भला माणूस होता, उमरेडकडचा. पुढच्या आठवड्यात नागपूरला आला तर शोधत दुकानात आला, पोटभर हसला आणि नातवासाठी एक बैल घेऊन गेला. पैसे काढण्याआधी, दातांवरून वय पाहायच्या सवयीनं त्यानं बैलाच्या जबड्याखाली हात घातला आणि ओठ उचलायला अंगठा लावला. मग माझ्याकडे पाहून ओशाळला. मी म्हटलं, "असू द्या, माझाही अंगठा तिथेच झिजला."

फोटोंची गोष्ट लांबवत नाही. त्या फोनमध्ये मागचं सगळं धूसर करायची एक सोय आहे, तिला बैलाचं दूरचं शिंगही मागचंच वाटतं. चार जणांनी विचारलं, एक शिंग तुटलेलं आहे तर भाव किती कमी कराल?

पुढच्या मेळ्यात मी तयारीनं उतरलो. गळ्यात फोन, टेबलावर क्यूआर कोडची पाटी आणि ती बोलकी डबी, जी पैसे आले की ठणकावून सांगते. करंगळी उभी करून फोन उघडायची मला तोवर सवय झाली होती. ते पाहून सहारनपूरवाला दर वेळी आपुलकीनं सांगायचा, "भाईसाब, उधर है, नल के पीछे." तिसऱ्या दिवशी तर त्यानं माझ्या मधुमेहाची चौकशी केली.

पण खरा घात केला त्या डबीनं. आमचा धंदा आवाजावर चालतो. भाव मोठ्यानं सांगायचा आणि सूट कानात द्यायची. "तुमच्यासाठी म्हणून, बाहेर बोलू नका," हे वाक्य मी हजारदा बोललो असेन आणि दर वेळी ते खरंच होतं. एका काकांना मी साडेसातशेला बैल दिला, अगदी माझं नुकसान करून. ते शेजारीच नक्षीचे डबे पाहत उभे. तेवढ्यात एक कॉलेजची पोरगी आली, होस्टेलवर राहते म्हणाली, घराची आठवण येते म्हणाली. मी विरघळलो. हळूच तोच बैल सहाशेला दिला. तिनं पैसे पाठवले आणि डबीनं अख्ख्या मैदानाला सांगितलं, "सहाशे रुपये प्राप्त झाले!"

काका वळले. कपाळावर आठी नाही, काही नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून ना?" मी दीडशे रुपये परत केले. परत करताना डबी काही बोलत नाही. ती फक्त येणारे पैसे बोलते, जाणाऱ्यांचं दुःख ज्याचं त्यानं करावं. त्यानंतर चार दिवस माझ्या दुकानात सरकारी रेशनसारखा एकच भाव होता. बायकोला आनंद झाला. तीस वर्षं ती मला हेच सांगत होती म्हणे.

आणि वारा. डिसेंबरातलं गार वारं सुटलं की क्यूआरची पाटी पालथी पडायची. दोन वेळा पडली, तीन वेळा पडली. शेवटी वैतागून मी कोडचा कागद पाटीवरून काढला आणि समोर शोभेला ठेवलेल्या मोठ्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर, रंगवलेल्या झुलीच्या बरोबर मधोमध, चिकटवला. सुताराचा हात चिकटवायचं म्हटलं की फेव्हिकॉलकडेच जातो. वरून वॉर्निशचा एक हातही मारला. भाचा म्हणाला, "मामाजी, टेप लावाची ना!" पण गिऱ्हाइकं खूश. बैलाला स्कॅन करायला पोरं रांग लावायची.

शेवटच्या दिवशी माल संपत आला तेव्हा प्रतापनगरकडचं एक कुटुंब आलं. सहा-सात वर्षांचा मुलगा थेट त्या पांढऱ्या बैलाच्या गळ्यात पडला. मी म्हटलं, हा विकायचा नाही. मुलानं भोकाड पसरलं. मग म्हटलं, कागद तरी काढून देतो. पटाशीच्या टोकानं कोपरा उचलून पाहिला, कागदाबरोबर झूलच निघायला लागली. त्याचे बाबा म्हणाले, "राहू द्या, गमतीदार दिसतो." आणि त्यांनी बैलालाच स्कॅन करून बैलाचे बावीसशे दिले. जन्मात पहिल्यांदा मी असा बैल पाहिला, ज्यानं स्वतःचा सौदा स्वतःच्या पाठीवर केला.

पुढे उन्हाळा. नागपूरच्या मे महिन्यात फोनही माणसासारखाच वागतो. दुपारी बारानंतर तापलो म्हणतो आणि कामाला हात लावत नाही. आम्ही दोघंही कूलरसमोर पडून असायचो. अशाच एका दुपारी एका फौजीचा फोन आला. कामठीला पोस्टिंग आहे, दोनशे बैल हवेत, ॲडव्हान्स आत्ता पाठवतो. फौजेला दोनशे लाकडी बैल कशाला, हा प्रश्न मला पडलाच नाही. देशासाठी लागत असतील. त्यानं एक क्यूआर पाठवला. म्हणाला, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. मी करंगळी सरसावली.

बायको तिकडे बैलांचे डोळे रंगवत होती. बारीक ब्रश, श्वास रोखलेला. मान वर न करता म्हणाली, "मेळ्यात येवढ्या लोकायनं तुम्हाले पैसे देले. तवा तुम्ही पिन टाकला होता का?"

"नाही."

"मंग पैसे घ्यायले पिन कायले लागते?"

मी तोच प्रश्न फौजीला विचारला. त्यानं मला शिवी दिली. तीही अस्सल फौजी नव्हती. भाच्यानं रात्री भिंतीवर खडूनं मोठ्ठं १९३० लिहून ठेवलं. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार त्या नंबरवर करतात. बायकोनं त्याखाली स्वतःचा नंबर लिहिला.

त्याच सुमारास पीएम विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरला. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली योजना, अठरा धंदे, त्यात सुतार आहेच. सेंटरवरच्या मुलीनं उजवा अंगठा घेतला, डावा घेतला, मग एकेक बोट. डबीचा लाल दिवा तसाच. मागे रांग वाढत गेली. शेवटी मी म्हटलं, "बाई, डावी करंगळी घेऊन पाहा, ती आमच्या घरातली शिकलेली आहे." हिरवा दिवा लागला. या योजनेत डिजिटल व्यवहारामागे एक रुपया मिळतो, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत. हे ऐकून भाचा म्हणाला की गिऱ्हाइकाला दीडशे रुपये पंधरा वेळा दहा-दहा करून पाठवायला सांगू. त्याला मी वखराला जुंपणार आहे.

मग आला भाद्रपद. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला गेलो. काळी आणि पिवळी दोघी निघाल्या, लोक ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" मी मनातल्या मनात ओटीपी, पिन आणि अपडेटही तिच्यासोबत देऊन टाकले. संध्याकाळी दुकान आवरून बसलो. सगळा माल संपला होता. फळीवर फक्त एक रंग न दिलेला बैल आणि ती डबी. कालच्या पुरणपोळ्या गरम करून बायकोनं ताट दिलं, आणि मी पहिला घास मोडला तोच फळीवरून आवाज आला.

"अकरा रुपये प्राप्त झाले."

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं. कुणी नाही.

"एकवीस रुपये प्राप्त झाले."

बायको उठून बाहेर डोकावून आली. बोळीत एक कुत्रं होतं. अकरा रुपयांचा बैल मी आजवर केलेला नाही. "पन्नास रुपये प्राप्त झाले." मला त्या फौजीची आठवण झाली, घाम फुटला. आजकाल चोर पैसे टाकूनही जातात की काय! करंगळीनं फोन उघडला. पैसे पाठवणारी नावं सगळी वेगवेगळी, एकही ओळखीचं नाही. "अकरा रुपये प्राप्त झाले."

बायकोच्या हातातली तुपाची वाटी मधेच थांबली. "तुम्ही तो पांढरा बैल विकला होता ना? पाठीवर कागद होता तो?"

तिकडे प्रतापनगरात ते पोरगं बैल सजवून दारोदार फिरत होतं. दारातल्या काकू म्हणत असतील, सुट्टे नाहीत रे बाळा. मग त्यांना बैलाच्या पाठीवरचा कोड दिसत असेल. किती हुशार हो आजकालची मुलं! पैसे पाठवण्याआधी समोर कुणाचं नाव येतं ते वाचा, असं भाचा मला रोज बजावतो. पण दारात गोंडे लावलेला बैल उभा असताना नाव कोण वाचतं?

मी डिसेंबरातला बावीसशेचा व्यवहार शोधून काढला. त्याच्या बाबांचं नाव तिथे होतं, तिथूनच पैसे परत पाठवता येत होते. कागदावर बेरीज मांडली. अकरा, एकवीस, पन्नास, अकरा. त्र्याण्णव रुपये. ताट बाजूला सारलं, चष्मा लावला आणि करंगळीनं नऊ दाबला.

"एकवीस रुपये प्राप्त झाले."

मी नऊ खोडला. एकशे चौदाचा एक दाबला.

"एकशे एक रुपये प्राप्त झाले."

"थांबा," बायको पोळीवर तूप सोडत म्हणाली. "जेवून घ्या अगुदर. त्याची गल्ली अजून संपली नसन."