शिलेदार कुणाला म्हणायचं?

सकाळी दूध आणायला इथं कोल्हापुरात मिरजकर तिकटीकडं गेलो तर नवा फ्लेक्स लागलेला. कुठल्याशा साहेबांचा वाढदिवस. खाली तीसेक चेहरे आणि त्यावर ठळक अक्षरांत 'साहेबांचे बिनीचे शिलेदार'. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथा आमचा भाचा. मी घरी पोचायच्या आत फोटो व्हॉट्सॲपवर हजर. "मामा, बघितलासा काय?"

बघितलं. डोकंच फिरलं. त्याला काही बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय.

अरे, शिलेदार म्हणजे काय हे तरी विचारा कुणाला! अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला फारसी 'दार' लागला. हत्यार बाळगणारा. हत्यारं ठेवायची जागा तो शिलेखाना, त्याच घरातला शब्द. मराठ्यांच्या घोडदळात स्वार दोन तऱ्हेचे. एक बारगीर, त्याचं घोडं सरकारी पागेतलं, हत्यार सरकारचं, वैरणही सरकारची. दुसरा शिलेदार. घोडं स्वतःचं, हत्यार स्वतःचं. दसऱ्याला शिलंगण झालं की आपलं घोडं घेऊन मोहिमेवर हजर व्हायचा. आणि बिनी म्हणजे फौजेची आघाडी, शत्रूला पहिल्यांदा भिडणारी. पेशव्यांच्या विसाजी कृष्णांना बिनीवाले हे नाव त्या कामावरनं पडलं, फ्लेक्सवरनं नाही.

आता सांगा, गेल्या महिन्यातल्या मोटारसायकल रॅलीत भाच्याच्या गाडीत पेट्रोल साहेबांच्या कुपनाचं. टी-शर्ट साहेबांचा. फ्लेक्सचा खर्च साहेबांचा. वैरण दुसऱ्याची आणि नाव शिलेदार?

मी शिलेदार बघितलाय. आमच्या घरात होता. आबा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात फिटर होते. ऑइल इंजिनांचं काम. त्यांची एक लाकडी पेटी होती. कानशी, छिन्न्या, गुण्या, पाने, आणि बारीक मापं घ्यायचा, फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर. सगळं स्वतःच्या पैशानं घेतलेलं. त्या पेटीतल्या सामानाला ते हत्यारंच म्हणायचे. खंडेनवमीला घरात तलवार नव्हती, पाटावर ती पेटी उघडून ठेवायची, झेंडूचं फूल, हळदकुंकू. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच घरी असंच असतं.

एकदा त्यांच्या कारखान्याच्या मालकानं तडा गेलेले कास्टिंगचे नग तसेच पुढं ढकलायला सांगितलं. आबा म्हणाले, "हे माझ्या हातनं व्हायचं नाही." मालक म्हणाला, "मग उद्यापासनं येऊ नका." आबांनी पेटी बंद केली, सायकलच्या कॅरियरला दोरीनं बांधली आणि घरी आले. आई रडली. आठव्या दिवशी दुसऱ्या शेडमध्ये तीच पेटी उघडली.

शिलेदार म्हणजे हे. घोडं आपलं असलं की माणसाला 'नाही' म्हणता येतं.

कुणी म्हणेल, शिवाजी महाराजांनीच पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या बारगिरांवर, जास्त भिस्त ठेवली, शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवलं. खरं आहे, मान्य. स्वतःचं घोडं असणारा माणूस कह्यात ठेवायला अवघडच असतो.

आणि बारगीर ही शिवी नाही, हेही कान उघडे ठेवून ऐका. बार म्हणजे ओझं, गीर म्हणजे घेणारा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. इतकी बांधीव फौज. पंचवीस घोड्यांमागं नाल ठोकणारा नालबंद आणि पाणी वाहणारा पखालवाला वेगळा. स्वराज्य त्यांच्या जिवावर उभं राहिलं. बंगालात 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा गेल्या, तिथं बारगिराचा 'बर्गी' झाला आणि आया पोरांना त्याची भीती घालून झोपवायला लागल्या. तर पगारी माणसानं स्वतःला बारगीर म्हणवून घेण्यात काहीही कमीपणा नाही. मी स्वतः बँकेत नोकरी करतो. खुर्ची बँकेची, संगणक बँकेचा. मी बारगीर आहे. पण मग दुसऱ्याचा शब्द कशाला पळवायचा? शिपाई शब्दाचं काय झालं बघा. लढणारा होता, त्याला साहेबाच्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसवलं. हवालदार चौकात शिट्टी वाजवतोय. आता शिलेदाराला फ्लेक्सवर चिकटवायचं राहिलं होतं, तेही झालं.

लिहिता लिहिता आबांचं आणखी एक आठवलं. एका वर्षी त्यांचा व्हर्नियर शेडमध्ये कुणाच्या तरी हातनं पडला आणि जबडा वाकला. मालकानं भरून द्यायचा प्रश्नच नव्हता, हत्यार तुमचं तर नुकसान तुमचं. नवा घेतला. त्या दिवाळीला आम्हा भावंडांना कपडे नव्हते. शिलेदाराचं घोडं लढाईत मेलं तर त्याची रोजीच जायची, म्हणून कित्येकजण घोडं जपत मागं राहायचे असं वाचलं तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. मला आईचा चेहरा आठवला.

म्हणजे शिलेदारी महागात पडते. भाच्याला ती परवडणारी नाही, हे मलाही कळतं. आयटीआय फिटर होऊन पोरगं दोन वर्षं घरात आहे. कंत्राटदार आठ महिने ठेवतो आणि काढतो. त्याला कुणी नाव घेऊन हाक मारली, फोटो लावला, पाठीवर हात ठेवला. ते आम्ही घरच्यांनी केलं का? मीच त्याला भेटलो की पहिला प्रश्न, "काय, लागलं का काम?"

सकाळी लिहायला बसलो तेव्हा त्याच्यावर चिडलो होतो. आता नाही. चिडलोय तो त्याला हा शब्द फुकटात वाटणाऱ्यांवर. घोडं द्यायचं नाही, हत्यार द्यायचं नाही, एक दिवसाचं पेट्रोल टाकायचं आणि शिलेदार म्हणायचं.

त्याच्या मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही. मघाशी माळ्यावरनं पेटी खाली काढली. व्हर्नियर सरकतोय, आकडे स्पष्ट दिसतात. खंडेनवमीला त्याला घरी बोलावतो, आजोबांची पेटी आहे, त्यानंच पाटावर मांडावी. मोठ्या कानशीची मूठ तेवढी बदलायला झाली आहे.