आज नाईटला कोण आहे?

खरा आजारी माणूस सिस्टरला कधीच त्रास देत नाही. तो बिचारा डोळे मिटून पडलेला असतो. हात द्या म्हटलं की हात देतो, कूस बदला म्हटलं की कण्हत का होईना बदलतो. त्रास सुरू होतो तो ताप उतरल्यावर. बरं वाटायला लागलं की माणसाला आधी उशी टोचते, मग पंख्याचा आवाज येतो, मग शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ घोरतात हे लक्षात येतं, आणि रात्री अकराच्या सुमाराला त्याला बेलचं बटण सापडतं. बेलपर्यंत हात पोचला की समजायचं, डिस्चार्ज जवळ आला. डॉक्टर लोक रिपोर्टवरून ठरवतात, आम्ही बेलवरून.

मी नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात जनरल वॉर्डला असते. नाईट म्हणजे रात्री आठ ते सकाळी आठ. सिडकोतून स्कूटी काढते तेव्हा कॉलनीतल्या बायका शतपावलीला निघालेल्या असतात. त्यातली एखादी हमखास म्हणते, "बरं आहे बाई तुमचं, रात्री काही काम नसतं." मी हसते. हेल्मेटमुळे ते कसलं हसू आहे हे तिला दिसत नाही.

हँडओव्हर झाला की पहिलं काम नातेवाईक बाहेर काढण्याचं. पास एकाचा असतो, माणसं सात असतात आणि प्रत्येक जण "मी फक्त मिनिटभर" असतो. मागे सिन्नरहून एक अख्खी जीप भरून मंडळी रात्री साडेदहाला आली. वॉचमनमामांनी अडवलं, तर त्यातल्या वडीलधाऱ्या बाई कळवळून म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलोय हो, एकदा तोंड बघून जातो." पेशंट जागा होता आणि ऐकत होता. त्यानंतरचं त्याचं बीपी मी अर्धा तास थांबूनच घेतलं.

नातेवाईक नुसते येत नाहीत, काहीतरी घेऊन येतात. किडनीच्या पेशंटला नारळपाणी हे तर ठरलेलं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, ज्याची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही त्याच्या हृदयावर बेतू शकतं, हे सांगून माझा घसा बसला. "अहो, नारळपाण्यानं कधी कोणाला काही झालंय का?" या प्रश्नापुढे सगळं नर्सिंग शिक्षण तोकडं पडतं.

पक्षाघात झालेल्या एका आजींना नाकातून रायल्स ट्यूब होती. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच पंचवटीत, त्यामुळे नाकाच्या बाबतीत नाशिककर बहुधा तेव्हापासूनच सावध असावेत. आजी चांगल्या हातानं रोज नळी उपटायच्या. एका रात्री त्यांचा मुलगा बाटली घेऊन आला. "सिस्टर, रामकुंडावरून गंगा आणलीय. एवढी नळीतून सोडा." गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात आणि गंगेला नाही म्हणण्याची माझी टाप नाही. पण नळी थेट पोटात जाते, आणि कुंडातल्या पाण्याबद्दल मी काय बोलणार, मीही तिथल्याच पाण्यात दहाव्याची घरची कार्यं केलेली. शेवटी मीच तोडगा काढला. दोन थेंब कपाळाला, दोन डोळ्यांच्या वर, बाकीची बाटली खिडकीत, आजींना दिसेल अशी. आजींनी त्या रात्री नळीला हात लावला नाही. याला वैद्यकीय कारण असेलही, मी शोधत बसले नाही.

सकाळी ऑपरेशन असलं की रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही, एनबीएम. हे मी पेशंटला सांगते, नातेवाइकाला सांगते, कॉटच्या डोक्याशी पाटी लावते. पहाटे पाचला तयारी करायला गेले की विचारते.

"काही खाल्लंत का?"

"छे. काहीच नाही."

"चहा वगैरे?"

"चहा घेतला थोडा. चहा काय, पाणीच ते."

"त्याच्याबरोबर?"

"त्याच्याबरोबर काही नाही. त्याच्याआधी साबुदाण्याची खिचडी."

"मी उपाशी राहायला सांगितलं होतं!"

"म्हणून तर उपवासाचं खाल्लं."

यावर उत्तर नाही. भूल दिली की पोटातलं उलटून वर येऊ शकतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून घट्ट अन्नानंतर निदान सहा तास जावे लागतात. हे सगळं मी समजावलं. भूलतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी माझ्यावरच आवाज चढवला, जणू शेंगदाण्याचं कूट मी घातलं होतं. ऑपरेशन दुपारवर गेलं आणि पेशंट दिवसभर सगळ्यांना सांगत होता की इथे माणसाला उपाशी मारतात.

पण माझा खरा आवडता पेशंट म्हणजे सात नंबरचे काका. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. माणूस अतिशय सज्जन. अडचण एकच होती. त्यांना ड्रिपमधलं सगळं कळत होतं.

मी सलाईन लावून थेंब मोजत उभी होते. पाचशे मिलीची बाटली आठ तासांत जायला हवी असेल आणि सेटमधून वीस थेंबांचा एक मिली पडत असेल, तर मिनिटाला एकवीस थेंब. काका एकटक बघत होते.

"ताई, हे ताशी किती पडतं?"

"साधारण साठ-बासष्ट मिली."

"बस? आमच्या एका वेलीला ताशी चार लिटरचा ड्रिपर आहे."

मी म्हटलं, काका, तुम्ही वेल नाही. भराभर सोडलं तर हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी साचतं, दम लागतो. ते मान डोलवून गप्प बसले. तासाभरानं राऊंडला गेले तर रोलर, म्हणजे थेंब कमी-जास्त करायचं चाक, पूर्ण उघडा आणि बाटली निम्मी. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "प्रेशर कमी वाटलं, म्हणून व्हॉल्व्ह खोलला."

रोलर पुन्हा बसवला, छातीला स्टेथो लावून श्वास नीट आहे ना ते बघितलं, आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, कळवलं. तेवढ्यात पुढचा प्रश्न. "यात खत कुठलं आहे?"

"खत नाही हो, मीठ आहे. नॉर्मल सलाईन. या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ."

काका ताठ बसले. टाक्यांचं भान राहिलं नाही. "मीठ? म्हणजे खारं पाणी? अहो, खाऱ्या पाण्यानं पानं करपतात बागेची! टीडीएस, विरघळलेले क्षार, किती आहेत यात?"

हा प्रश्न मला कुठल्याच परीक्षेत कोणी विचारला नव्हता. मी मनात हिशोब केला. लिटरला नऊ ग्रॅम, म्हणजे नऊ हजार.

"नऊ हजार."

"नऊ हजार!" अख्खा वॉर्ड जागा झाला. "पाचशेच्या वर टीडीएस गेला तर पोरगं म्हणतं फिल्टर बदला. आणि तुम्ही मला नऊ हजाराचं सोडताय?"

मग त्यांच्या कॉटशेजारी उभं राहून, रात्री एक वाजता, मी सांगितलं की आपलं रक्तही साधारण तेवढंच खारं असतं. साधं पाणी शिरेत सोडलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून मुद्दाम मीठ घालतात. आणि या बाटलीत ताकद वगैरे काही नसते, त्यापेक्षा वाटीभर वरणभातात जास्त. काकांनी बराच विचार केला. "म्हणजे माणूस आतून खारपड जमीनच की," असं म्हणून ते आडवे झाले. शेजारच्या दोन्ही कॉटवरच्या पेशंटांनी आपापल्या बाटल्यांकडे संशयानं पाहिलं. त्यातला एक जण रोज "सिस्टर, ताकदीची एक बाटली लावा" म्हणून मागे लागायचा. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, हा काकांचा माझ्यावर उपकार.

दोन वाजता काकांची सलाईन अडली. हात दुमडून झोपले की इंट्राकॅथ, शिरेत घातलेली बारीक नळी, वाकते, बाकी काही नाही. मी जाईपर्यंत त्यांचं निदान झालं होतं. "चोक झालीय लाईन. आम्ही अशा वेळी अ‍ॅसिड सोडतो." मी घाईघाईनं हात सरळ केला.

एवढं होऊनही काका जागेच. कारण जानेवारी होता. निफाडला पारा उतरत होता आणि बागेत माल उभा होता. तीनला फोन लावून, पांघरुणात तोंड घालून, स्वतःच्या समजुतीनं हळू आवाजात ते मुलाला विचारत होते, "किती झालं? सहा? शेकोट्या पेटव. पाणी चालू कर बागेला. झोपलास काय?" मणी तडकले की वर्षाची कमाई गेली, हे नाशिकच्या माणसाला सांगावं लागत नाही. रात्री वॉर्डात मोबाईल बंद असा नियम आहे, आणि तो मला पाठ आहे. मी त्यांना ब्लँकेट नीट घातलं आणि आमच्याही वॉर्डातली ती फटीची खिडकी चिकटपट्टीनं बंद केली.

याच रात्री आणखी एक प्रकार. चार नंबरला बाराचं अँटिबायोटिक द्यायचं होतं. औषध बरोबर, डोस बरोबर, वेळ बरोबर, मार्ग बरोबर, राहिला पेशंट. कॉटवर डोक्यावरून शाल घेतलेला माणूस.

"नाव सांगा."

"भाऊसाहेब," शालीतून आवाज.

"हात बाहेर काढा."

हात आला तर त्यावर ना नावाचा पट्टा, ना इंट्राकॅथ. माणूस पंचविशीचा, आणि केस पेपरवर वय साठ. तो भाऊसाहेबांचा मुलगा होता. सकाळपासून बिलिंग, मेडिकल, लॅब अशा प्रत्येक खिडकीवर नाव विचारलं की वडिलांचं सांगायचं, ही त्याला सवयच लागलेली. खरे भाऊसाहेब सलाईनचा स्टँड हाताशी घेऊन कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. "पोरगं दिवसभर उभं होतं. म्हटलं, टेक जरा पाठ." रागवायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि इंजेक्शन तिथेच, खुर्चीतच दिलं. मग दोघांची अदलाबदल केली. पट्टा बघितल्याशिवाय सुई लावायची नाही, असं विद्यार्थिनींना शिकवताना मी आता हाच किस्सा सांगते.

आणि बारा नंबर. या आजोबांबद्दल हँडओव्हरमध्ये वेगळं काही सांगत नाहीत, नुसतं एकमेकींकडे बघतात. माझा हात लागायच्या आत त्यांचं तोंड सुरू. "ही सुई टोचते की विहीर खणते?" "बीपी बघतेस की हात पिळतेस?" "तुला नोकरी कोणी दिली, त्याची चौकशी लावतो." मावशींच्या झाडूपासून डॉक्टरांच्या डिग्रीपर्यंत कोणी सुटत नसे, पण सगळ्यात जास्त वाटा अर्थातच बायकोला. त्या काकू उशाशी स्टुलावर बसून शांतपणे जपमाळ ओढायच्या.

पहाटे साडेतीनला त्या नर्सिंग स्टेशनला आल्या. चेहरा पांढराफटक.

"सिस्टर, चला हो लवकर. ह्यांचं काहीतरी बिनसलंय."

"काय होतंय? छातीत दुखतंय? दम लागलाय?"

"नाही." त्यांचा आवाज कापत होता. "माझ्याशी नीट बोलतायत."

"म्हणजे काय बोलले?"

"म्हणाले, तू जेवलीस का?"

मी ग्लुकोमीटर घेऊन पळाले. बाकी कोणी हसेल, पण नाईट केलेली बाई हसणार नाही. पेशंट जसा असतो तसा अचानक राहिला नाही की काहीतरी घडत असतं. गप्प माणूस बडबडायला लागला तरी, बडबड्या गप्प झाला तरी. शुगर उतरली की बहुतेकांची चिडचिड वाढते, आमच्या आजोबांनी तिथेही उलटी दिशा धरली होती. ऐन थंडीत कपाळावर घाम, हात गार, डोळे अर्धवट. माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाले, "ये बाळ." माझ्या पोटात गोळा आला.

शुगर ४६. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावतो. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात साखर घालता येत नाही, ठसका लागतो. आरएमओंना उठवलं, त्यांनी सांगितलं तसं पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, शिरेतून सुरू केलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकू, दोघींचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे. हळूहळू घाम सुकला. डोळे उघडले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, भुवया आक्रसल्या.

"केवढा दाबून धरलाय हात! मोडायचाय का?"

काकूंनी डोळे मिटून हात जोडले. "आले बाई."

पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, ११८. तोवर आजोबा सलाईनच्या स्टँडपर्यंत पोचले होते, तो वाकडा होता म्हणे. कारण नंतर काकूंनीच सांगितलं. संध्याकाळी जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं होतं, दुधीची अळणी भाजी बघून आजोबांनी ताट सरकवलं, आणि अन्न टाकवत नाही म्हणून ते काकूंनी संपवलं. रिकामं ताट बघून कागदावर जेवण झाल्याची नोंद झाली. ते मिक्स इन्सुलिन, त्यातला सावकाश चालणारा भाग ऐन मध्यरात्रीनंतर कामाला लागतो, आणि पोट रिकामं. "तू जेवलीस का" या प्रश्नाचं खरं उत्तर "हो, तुमचंच" असं होतं. ते काकूंनी त्यांना सांगितलं नाही, मीही नाही.

साडेसातला काकांच्या मुलाचा फोन आला, बाग वाचली होती. आठला डे-शिफ्टची सिस्टर आली. सात नंबर डिस्चार्ज, चार नंबरचा पट्टा दोनदा बघ, असं करत आम्ही बाराशी पोचलो. आजोबा नाश्त्यावरून मावशींची उलटतपासणी घेत होते. डे-शिफ्टची सिस्टर वैतागून म्हणाली, "हे आज दिवसभर असेच का?"

मी म्हटलं, "असे आहेत तोवर काळजी नाही. गोड बोलायला लागले तर लगेच शुगर बघ."