पनामा कालव्याच्या पाण्याबद्दल खुलासा

"चीनने पाणी अडवलं म्हणून पनामा कालवा आटला" हा मेसेज मीही पुढे पाठवला होता, चूक झाली, माफ करा. कालव्यात जहाज समुद्रापासून २६ मीटर वर चढवायला तिथल्याच गाटून तलावाचं गोडं पाणी लागतं आणि एक जहाज पार झालं की साधारण २० कोटी लिटर समुद्रात जातं. २०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊसच कमी पडला, म्हणून पनामाच्याच कालवा प्राधिकरणाने रोजची ३६ जहाजं जानेवारी २०२४ पर्यंत २४ वर आणली, त्यांच्या जाहीर सूचनांमध्येच आहे हे. चीनचा संबंध म्हणाल तर हाँगकाँगच्या एका कंपनीकडे तेव्हा कालव्याच्या दोन टोकांची बंदरं होती, पाणी नाही. जबाबदारीचं बोलायचं तर शहरांचं पिण्याचं पाणीही त्याच तलावातून जातं, तरी साठा वाढवायचं काम रखडलं, ते विचारा ना! तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.