घंटा आधी, विजय नंतर

दुपारी बाराला चर्चची घंटा गोव्यातल्या गावांत अजून ऐकू येते. तिच्याबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरत येतो. जगभर वाजणारी ही घंटा म्हणे हंगेरीच्या यानोश हुन्यादीने १४५६ साली बेलग्रेडला तुर्कांवर मिळवलेल्या विजयाची आठवण आहे. पुढे तिखटमीठ: हा सरदार राजाचा अनौरस मुलगा होता, नुसते शेतकरी घेऊन लढला आणि नंतर ७० वर्षं तुर्कांनी हंगेरीत पाऊल ठेवलं नाही.

आधी तारखा बघू. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी घंटेचा आदेश काढला २९ जून १४५६ ला. बेलग्रेडचा वेढा सुरू झाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तुर्क हटले २२ जुलैला, आणि रोमला बातमी कळली ६ ऑगस्टला. कॉन्स्टँटिनोपल पडून तीन वर्षं झाली होती, सुलतान दुसरा मेहमद आता डॅन्यूबकडे निघाला होता. घंटा ऐकून लोकांनी देवाचा धावा करावा, एवढाच त्या आदेशाचा अर्थ. बाराचा ठोकाही त्यात नव्हता. सांगितलेली वेळ उतरत्या दुपारची होती. काही ठिकाणी आदेश आणि विजयाची बातमी मागेपुढे पोचली आणि धाव्याची घंटा आनंदाची झाली, हे मात्र खरं. पोपनी विजयाची आठवण म्हणून जे केलं ते वेगळंच: १४५७ मध्ये येशूच्या रूपांतराचा सण ६ ऑगस्टला सगळ्या चर्चसाठी लावून दिला. त्याचा मजकूर कोणी पाठवत नाही.

राजपुत्राची कथा जुनी आहे, पण १४०९ ची सनद तिच्या आड येते. राजा झिगमंडने हुन्यादचा किल्ला दिला तो आपल्या दरबारातल्या वैक नावाच्या शिलेदाराला, आणि वैकचा मुलगा म्हणून यानोशचं नाव त्या सनदेतच आहे. राजरक्ताशिवाय कोणी इतका वर जाईल हे ज्यांना पटत नव्हतं, त्यांची ही सोय. प्रत्यक्षात तो चढला पदांच्या पायऱ्यांनी: १४३९ ला सेव्हेरिनचा बान, म्हणजे सरहद्दीवरचा अधिकारी, १४४१ ला ट्रान्सिल्वानियाचा सुभेदार, १४४६ ला राजा लहान म्हणून साऱ्या राज्याचा कारभारी. शिवाय पैशाचं गणित पक्कं. अडलेल्या राजाला कर्ज द्यायचं, तारण म्हणून गावं घ्यायची. शेवटी त्याच्याकडे २८ किल्ले, ५७ गावठाणी शहरं आणि हजारेक खेडी होती असं इतिहासकार मांडतात. गरिबांचा कैवारी म्हणून त्याला रंगवताना हा आकडा गाळला जातो.

शेतकऱ्यांचं म्हणाल, तर ते होते, आणि जोव्हान्नी दा कापिस्त्रानो या वृद्ध संन्याशाच्या हाकेवर जिवावर उदार होऊन आले होते. राजा तेव्हा व्हिएन्नाला निघून गेला होता, बहुतेक बडे सरदार घरी बसले. पण किल्ला आतून लढवला तो हुन्यादीचा मेहुणा मिहाय सिलागी याने. १४ जुलैला डॅन्यूबवरची तुर्की नावांची फळी फोडली नसती, तर आत ना माणसं पोचली असती ना दाणागोटा. ते काम हुन्यादीच्या गलबतांचं, त्याच्या पगारी शिपायांचं.

७० वर्षांचा हिशेब तर साफ कोसळतो. १४७४ ला तुर्की स्वारांनी हंगेरीतलं नाज्यवाराद शहर जाळलं, १४७९ ला ते ट्रान्सिल्वानियात घुसले. बेलग्रेडचा किल्ला मात्र १५२१ पर्यंत टिकला, आणि ६५ वर्षं हीही थोडी नव्हेत. आणखी एक गोष्ट मजकुरात कधीच नसते: हाच हुन्यादी १४४४ ला वार्नाला आणि १४४८ ला कोसोवोला तुर्कांकडून सपाटून हरला होता.

वेढा उठल्यावर छावणीत प्लेग शिरला. ११ ऑगस्टला हुन्यादी बेलग्रेडच्या समोरच झेमूनला मरण पावला. रोमला बातमी पोचून तेव्हा पाचच दिवस झाले होते.